टकटकीएवढा वेळ

बंद दारासमोर उभं राहिलं की आधी टकटक करायची, मग हत्यार काढायचं. घर रिकामं आहे हे ठाऊक असलं तरी. घरमालक स्वतः शेजारी उभा राहून घाई करत असला तरी. कुलूपवाल्याच्या बापाने त्याला कानस धरायला शिकवण्याआधी हे शिकवलं होतं, आणि कारण विचारल्यावर म्हणाला होता, "कुलूप चोरालाही उघडता येतं. त्याच्यात आणि आपल्यात फरक फक्त एवढ्या टकटकीचा."

बाप तुटक बोलणारा माणूस होता. यापलीकडे त्याने मुलाला धंद्याचं तत्त्वज्ञान म्हणून काही सांगितलं नाही. बाकीचं सगळं हाताने दाखवलं.

लोक हसायचे. भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर अडकलेला माणूस, खाली जाऊन ह्या बाबाला घेऊन येतो, आणि हा येऊन दार ठोठावतो आणि कान देऊन थांबतो. एका वकिलाने त्याला विचारलं होतं, की मी माझ्याच घरात नाही ह्याची खात्री करून घेताय का? कुलूपवाल्याने मान हलवली होती आणि तेवढा वेळ थांबूनच पिशवीतून हत्यार काढलं होतं. इतकी वर्षं ठोठावून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा पडला होता. विचार करायच्या आधी हात उठायचा.

त्याचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. एक माणूस बसेल आणि दुसरा वाकून उभा राहील एवढीच जागा. मागची भिंत कोऱ्या किल्ल्यांनी भरलेली. लग्न त्याने केलं नाही. आई-बाप गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यानेच वाढवलं, शिकवलं, बस स्थानकात तिकिटं देणाऱ्या एका सरळ माणसाशी तिचं लग्न लावून दिलं. पलीकडच्या चौकात त्याच्या बापाचाच एक शागीर्द दुकान मांडून बसला होता. जीभ फार धारदार, म्हणून सगळे त्याला कानस म्हणायचे. तो गुरूला उस्ताद, कुलूपवाल्याला थोरले म्हणायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या थोरल्यांनी शहरातली सगळी कुलपं उघडली, स्वतःचं तेवढं राहिलं." कुलूपवाला हसायचा. त्याच्यावर हसणाऱ्यांबरोबर हसायची त्याला सवय होती.

त्या सकाळी तो एका पेटीची किल्ली घासत बसला होता. आधी भिंतीवरच्या किल्ल्या वाजल्या, सगळ्या एकदम, कुणी भिंतीला खांदा दिल्यासारख्या. आवाज त्यानंतर आला. मग दुसरा, लांबून. मग बाजाराच्या बाजूने तिसरा. रस्त्यावरची माणसं जिथल्या तिथे उभी राहिली, आणि मग सगळी एकाच वेळी पळू लागली, पण कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. काही स्थानकाकडून पळत होती, काही स्थानकाकडे.

मेहुण्याची ओळख त्यालाच पटवावी लागली. बहिणीला आत सोडलं नव्हतं, बघायला आत काही नव्हतंच. एका लांब खोलीत टेबलांवर कागदी पाकिटं मांडली होती. तिथल्या माणसाने एक पाकीट उलटं केलं आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडला. त्यातली घराची किल्ली कुलूपवाल्याने लगेच ओळखली. ती घासताना हातातली कानस घसरून एका दातावर ओरखडा गेला होता. दुसरी करून देतो म्हणाला, तर मेहुणा म्हणाला होता, "राहू द्या की. दार उघडतंय ना?"

बहीण त्याच्या घरी येऊन राहिली. रडली नाही. दिवसभर रेडिओपाशी बसायची, जणू काही त्यातून नवऱ्याच्या बसची वेळ सांगणार होते. घरातली एकच गोष्ट तिला खटकली. दाराच्या कुलपाला भाऊ इतकं तेल पाजायचा, की जाता-येता तिच्या बाहीला डाग पडायचा. हे बापाच्या हातचं कुलूप. त्याचा आवाज म्हणून यायचा नाही. "मुलीसारखं न्हाऊ-माखू घालतोस ह्याला," ती म्हणाली. त्या महिन्यात ती बोललेलं तेवढंच एक वाक्य त्याला थट्टेचं वाटलं.

सरकारला बोलायला दोन दिवस लागले, पण एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. रस्त्यांवरच्या कचऱ्याच्या पेट्या उचलून नेल्या. पुलांवर वाळूची पोती आली. शाळांच्या फाटकांत बंदूकधारी उभे राहिले आणि मुलांच्या डब्यांची झाकणं उघडून बघू लागले. मग नवा कायदा आला. कुणाच्याही घराची कधीही झडती घेता येईल, आगाऊ कळवायची गरज नाही. सुरुवातीला पोलीस दारं फोडायचे. एका बिजागरीवर लोंबणाऱ्या दारांची, त्यामागे उभ्या असलेल्या बायकांची चित्रं वर्तमानपत्रांत येऊ लागली. परदेशातल्याही वर्तमानपत्रांत आली, तेव्हा मंत्र्याने जाहीर केलं की यापुढे कुणाचंही दार फोडलं जाणार नाही. लोकांना बरं वाटलं. दार फोडायचं नाही एवढंच ठरलं होतं. आत शिरायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

अशा रीतीने सरकारला कुलूपवाल्यांची आठवण झाली.

शहरातल्या सगळ्या कुलूपवाल्यांना पोलिसांच्या मुख्य कचेरीत बोलावलं. गालिचा घातलेला दिवाणखाना, प्रत्येकाला खुर्ची, प्रत्येकाला चहा. कानस बशीत बघत पुटपुटला, "थोरले, जन्मभर हे आपल्याकडे चोर म्हणून बघत आले. आज चहा पाजतायत. जपून प्या."

बोलायला उभा राहिलेला साहेब तरुण होता, सौम्य होता, आणि बऱ्याच दिवसांत झोपलेला नव्हता. त्याने सांगितलं की दार आवाज न करता उघडायचं आणि बाजूला व्हायचं, बस्स. ठोठावायचं नाही. टकटक झाली की आतला माणूस सावध होतो, आणि सावध झालेला माणूस तेवढ्या वेळात बटण दाबतो. कुलूपवाल्याला ते पटलं. टेबलावर पडलेला जुडगा त्याच्या डोळ्यांपुढे होता.

कानसने हात वर केला. "आणि साहेब, आत बाई अंघोळ करत असली तर?"

सगळे हसले. साहेबही हसला. म्हणाला, "तर डोळे मिटा."

छातीवर लावायला एकेक बिल्ला मिळाला. बहिणीने तो घरी हातात घेऊन पदकासारखा उलटसुलट पाहिला, फडक्याने पुसला, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. ताटातलं सगळं संपवल्यावर म्हणाली, "शोध, दादा. एकेक घर उघड."

पहिल्या काही दारांवर त्याला डाव्या हाताने उजवा धरून ठेवावा लागला. मग सवय झाली. माणसाला कसलीही सवय होते, हेच माणसाचं दुर्दैव. पूर्वी तो दार उघडलं की पाठ फिरवून हत्यारं गोळा करायचा. आतलं घर त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता दार उघडताच मागची माणसं त्याला ढकलत आत घुसायची आणि तोच सर्वांत पुढे असायचा. एका घरात म्हातारा-म्हातारी एका ताटात जेवत होती आणि म्हातारी त्याला भरवत होती. एका घरात एक पोक्त गृहस्थ चड्डीवर आरशासमोर उभा राहून कुणाची तरी माफी मागायचा सराव करत होता. एका घरात शाळेतल्या बाई नळ पूर्ण सोडून रडत होत्या, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांनी आधी नळ बंद केला, डोळे पुसले, आणि मग घाबरल्या.

माणूस एकटा असताना कसा असतो, हे माणसाने बघायचं नसतं. कुलूपवाला रोज बघत होता.

बहुतेक घरांत काही मिळायचं नाही. काहींतून माणसं नेली जायची. त्यातली काही परत यायची, हळू चालत. एकदा मात्र मिळालं. पिठाच्या पिंपात, पिठाखाली, मेणकापडात गुंडाळलेलं स्फोटक. ज्याची खोली होती तो झोपला होता आणि त्याच्या उशाखाली पिस्तूल होतं. साहेबाने कुलूपवाल्याचा खांदा दाबला आणि म्हणाला, "तुम्ही आवाज केला असता तर आज आपण सगळे पाकिटांत गेलो असतो." कुलूपवाल्याने घरी येऊन बहिणीला सांगितलं. तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शेजारपाजारचे लोक त्याच्याशी आता जरा जास्तच अदबीने बोलू लागले. नवं कुलूप कुणी बसवून घेईना. दाराला आतून घालायचे लोखंडी अडसर मात्र एवढे खपू लागले की त्याला घडवायला वेळ पुरेना. कानसचंही तेच चाललं होतं. "बाहेरून सरकारसाठी उघडायचं आणि आतून लोकांसाठी बंद करायचं," तो म्हणाला. "आपला धंदा आपल्यालाच बाहेर ठेवायचा झालाय, थोरले."

मग तो म्हातारा.

भर दुपारची वेळ. चौथ्या मजल्यावरचं दार कुलूपवाल्याने उघडलं, दाराने हूं की चूं केलं नाही. आत दारासमोरच एक म्हातारा स्टुलावर उघडा बसला होता आणि त्याची मुलगी त्याची पाठ पुसत होती. म्हाताऱ्याने कुलूपवाल्याकडे पाहिलं, कारण तोच सर्वांत जवळ होता. तो ओरडला नाही, कोण तुम्ही असं विचारलं नाही. त्याने फक्त अंग झाकायला काहीतरी शोधलं. मुलीच्या हातातला टॉवेल ओढत उठायला गेला, ओल्या फरशीवर त्याचा पाय सरकला आणि कपाळ नळाच्या तोटीवर आपटलं. खाली पडल्यावरही तो टॉवेलच ओढत होता. मग ओढायचा थांबला.

हवं होतं ते घर वरच्या मजल्यावर होतं. साहेबाने मुलीसमोर टोपी काढली. सरकारने खेद व्यक्त केला, त्या शब्दांत कुठे ओरखडा नव्हता.

घरी येऊन कुलूपवाल्याने बहिणीला सगळं सांगितलं. ठोठावलं असतं तर म्हाताऱ्याने सदरा घातला असता, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. बहिणीने ऐकून घेतलं. वाईट झालं म्हणाली. मग रेडिओचा आवाज कमी करून तिने विचारलं, "पण दादा, माझ्या नवऱ्याला कुणी टकटक केली होती?"

दुसऱ्या दिवशी बिल्ला लावून तो कामावर गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला स्थानकामागच्या एका भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत नेलं. खबर पक्की होती म्हणे. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक भाडेकरू राहत होता, रेडिओ दुरुस्त करणारा. अबोल माणूस. अबोल असणं तेव्हा शहरात गुन्ह्यापासून फार लांब राहिलं नव्हतं. सकाळची वेळ, जिन्यात कुणाच्या तरी घरातल्या उकळत्या चहाचा वास. पोलीस भिंतीला चिकटून उभे राहिले. साहेबाने खूण केली. कुलूपवाला दारासमोर गेला. साधं कुलूप होतं, त्याला दोन श्वासांचंही काम नव्हतं.

त्याचा हात वर गेला आणि त्याने ठोठावलं.

टक टक. नेहमीसारखं, हलक्या हाताने. घट्टा लाकडावर वाजला तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय केलं. जिन्यात सगळं थिजलं. साहेबाचं तोंड उघडं राहिलं होतं. आतून एक खुर्ची सरकली. "कोण आहे?" असा आवाज आला, झोपेतला नाही, घाबरलेलाही नाही, कुणी वाण्याकडून काही आणलंय का अशा सुराचा. त्यावर कुणीच काही बोललं नाही, आणि ते न बोलणं आतल्याला पुरेसं झालं. खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग खालच्या पत्र्यांवर पावलं वाजली, लांब लांब जात. तोवर तिघांनी खांदे लावून दार फोडलं होतं.

खोलीत शेगडीवर पाणी उकळत होतं. एक बूट होता, दुसरा नव्हता. टेबलावर तारा, बॅटऱ्या, बारीक पाने. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतात तसे, आणि स्फोट करणाऱ्याकडे असतील तसेही. माणूस सापडला नाही. तो कोण होता हे शहराला पुढे कधीही कळलं नाही. निर्दोष माणूस खिडकीतून पळतो का, असं लोक विचारायचे. आणि त्या दिवसांत दोषी-निर्दोष कोण पळालं नसतं, असंही कुणीकुणी हळू आवाजात म्हणायचं.

साहेबाने कुलूपवाल्याला जिन्यातच धरलं. त्याला अहोजाहो करणं संपलं होतं. "का ठोठावलंस?"

"हात गेला, साहेब."

"हात गेला," साहेब म्हणाला. त्याने आपला चेहरा दोन्ही तळव्यांनी चोळला. असला माणूस बरोबर आणल्याचा दोष आधी आपल्यावर येणार, हे त्याला कळत होतं. त्याने बिल्ला काढून घेतला आणि वर असं कळवलं, की पोलीस पोचायच्या आधीच आरोपी निसटला होता. कुलूपवाल्याला म्हणाला, घरी जा आणि तोंड उघडू नकोस.

पण त्याने बहिणीसमोर उघडलं. तिला रेडिओवरून कळू नये, असं त्याला वाटलं. ती भांडी घासत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मुद्दाम केलंस?"

"नाही. हाताने केलं."

"हात कुणाचा?"

आपल्या हाताकडे त्याने नीट पाहिलं. त्या क्षणी त्याला खरंच सांगता आलं नसतं. म्हातारा आठवून हात उठला होता, की बापाची सवय म्हणून, की दोन्ही एकच होतं.

"त्यानेच केलं असेल सगळं, तर?" ती म्हणाली. "तो आता कुठेतरी बसून हसत असेल, दादा. तू त्याला निरोप देऊन उठवलंस. माझ्या माणसाचा तर दुसरा बूटही मिळाला नाही."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, धुतलेले कपडे घडी करून ठेवायची, पण त्याच्या अंगावरून नजर अशी न्यायची जशी भिंतीवरून नेतात. एका खोलीचं घर. कोपऱ्यात पडद्याआड अंघोळीची जागा, एका बाजूला त्याचं अंथरूण, दुसऱ्या बाजूला तिचं, आणि मध्ये रेडिओ बोलत असायचा. एवढ्याशा जागेत न बोलायला माणसाला फार ताकद लागते. तिच्याकडे ती होती. कुलूपवाल्याला पोलिसांची भीती वाटत नव्हती असं नाही, पण ती वरवरची होती. आत खोलवर त्याला एकच वाटायचं, की आपल्याला घेऊन जायच्या आधी हिने एकदा तरी आपल्याकडे बघावं.

घेऊन जाणार हे उघडच होतं. जिन्यात त्या दिवशी बरेच पोलीस होते आणि पोलिसांनाही बायका असतात. गोष्ट आधी कुजबुजत फिरली, मग छापून आली. मंत्र्याला सभागृहात जाब द्यावा लागला, आणि जाब देण्यासाठी कुणाचं तरी नाव लागतं. पळालेल्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कुलूपवाला मात्र जिन्याखाली रोज सापडत होता.

कानस दुकानात येऊन वाकून उभा राहिला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही, म्हणजे गोष्ट गंभीर होती. नाव वर गेलंय म्हणाला. कुठेतरी निघून जायला सुचवलं. बहिणीला टाकून कुठे जाऊ, असं कुलूपवाल्याने विचारलं. मग निदान दाराला आतून अडसर तरी लावा, असं कानस म्हणाला.

"विकतो तेवढे पुरेत," कुलूपवाला म्हणाला.

कानस भिंतीवरच्या किल्ल्या बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या घराचं कुलूप उस्तादांच्या हातचं. आवाज न करता ते उघडतील असे शहरात दोघेच आहेत. एक तुम्ही."

"माहीत आहे."

"मला नाही म्हणता येणार नाही, थोरले. घरी लेकरं आहेत."

"माहीत आहे रे," कुलूपवाला म्हणाला, आणि ज्या किल्लीवर काम चाललं होतं तिच्यावरचा कीस त्याने फुंकून टाकला. कानस जाताना दुकानाच्या फळीवर बोटाने दोनदा टकटक करून गेला. लहानपणी उस्ताद झोपलेले असताना ते दोघं अशीच एकमेकांना खूण करायचे.

ते आले त्या सकाळी खोलीत ऊन आलेलं होतं. बहीण पडद्याआड अंघोळ करत होती. कुलूपवाला बनियनवर खिडकीपाशी बसून दाढी करत होता, अर्धा गाल साबणाने भरलेला. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं कठीण होतं. पण कुलपापाशी काय चाललंय हे त्याच्या कानाला झोपेतही कळलं असतं. दाराच्या लाकडावर कुणीतरी नख ओढलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. ठोठावणं नव्हे ते. ठोठावण्याची सावली. मागे उभ्या असलेल्याला वाटावं, हत्यार घासलं.

नखानंतर काहीच झालं नाही. हत्यार आत जायला हवं होतं, तरी गेलं नाही. कानस थांबला होता. उस्तादांनी शिकवलं होतं तेवढा वेळ.

कुलूपवाला उठला. खुंटीवरचे बहिणीचे कपडे काढून त्याने पडद्यावरून आत टाकले आणि म्हणाला, "घाल. आले." आत पाणी थांबलं. तिने का, कोण, काही विचारलं नाही. त्याने गालावरचा साबण पुसला, सदरा अंगात चढवला, वरपर्यंत बटणं लावली. तेवढ्यात कुलूप फिरलं. नेहमीसारखं, काही आवाज नाही.

साहेब आत आला. त्याच्यामागे तिघे. कानस उंबऱ्याबाहेरच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पडदा सरकला आणि बहीण बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं, बटणं एक सोडून एक लागली होती, पण अंग मानेपासून पायांपर्यंत झाकलेलं होतं. ती त्या चार पुरुषांकडे बघत उभी राहिली. त्यांतला एक तिच्या ओल्या पावलांकडे बघत होता. तिने त्याच्या नजरेच्या वाटेने खाली पाहिलं, मग मागे, पडद्याकडे, जिथे ती एवढ्यात होती. तिथून नजर वर आली ती भावाच्या अंगातल्या सदऱ्यावर थांबली.

साहेब खोलीभर बघत होता. माणूस कपडे करून उभा, बाई कपडे करून उभी. त्याला काहीतरी जुळत नव्हतं. तो दारापाशी परत गेला आणि कानसला म्हणाला, "आवाज कसला केलास मघाशी?"

"कुलूप गंजलंय, साहेब," कानस म्हणाला. त्याचा चेहरा भिंतीइतकाच पांढरा होता. "खरवडावं लागलं."

साहेबाने कुलपाकडे पाहिलं. ते बोटाने चाचपलं तर सगळं संपणार होतं. पण तो आत वळला आणि त्याने बहिणीला विचारलं. तिला विचारणंच त्याला रास्त वाटलं असावं. तिचा नवरा कसा गेला हे त्याच्या कागदांत होतं, आणि भावाबद्दल तिला काय वाटतं हे साऱ्या इमारतीला माहीत होतं.

"बाई, कुलूप गंजलेलं आहे?"

तिच्या बाहीवर कालचाच तेलाचा डाग होता. तिने दुसरा हात सहज त्यावर ठेवला. ती भावाकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी, सरळ, डोळ्यांत.

"हो," ती म्हणाली. "केव्हाची सांगतेय दादाला, तेल घाल म्हणून. ऐकतो कुठे."

साहेबाने मान डोलावली. मग त्यांनी कुलूपवाल्याचे हात पुढे घेऊन बेडी घातली. बेडीचं कुलूप हलक्या प्रतीचं होतं, सरकारी. दाढी एका बाजूने केलेली आणि एका बाजूने वाढलेली, अशा तोंडाने तो उंबऱ्याबाहेर पडला. कानस अजून भिंतीकडेच बघत होता. त्याच्या हातातल्या हत्याराच्या टोकावरून तेल ओघळत होतं, आणि ते कुणाला दिसायच्या आत तो विजारीच्या मागच्या बाजूला पुसून टाकत होता.